परत न आलेल्यांच्या मागे

१५ जानेवारी १९८४, रविवार, सकाळी दहा वाजता. जमा रक्कम तीनशे रुपये, दर डॉक्टरी पन्नास. हजर: डॉ. कुमुद हळदणकर, समोरच्या बाजूला दवाखाना असलेले डॉ. वोरा, आसपासचे आणखी चार डॉक्टर आणि मी. जागा: हळदणकरबाईंचा दवाखाना, आमच्या इमारतीचा तळमजला, कांजूरमार्ग पश्चिम. संक्रांतीचा दुसरा दिवस असल्यामुळे टेबलावर तिळगुळाची बशी होती. तिला कोणी हात लावत नव्हतं. खिशातून पन्नासाची नोट काढावी लागल्यामुळे पाचही पाहुणे नाराज होते.

"कुमुदबेन, असं मी कुठे बघितलं नाही," वोरा म्हणाले. घाटकोपरला वाढलेले गुजराती गृहस्थ. मराठी आमच्यासारखंच बोलायचे. "औषध कंपनीवाले डॉक्टरला जेवायला बोलावतात, पेन देतात, बॅग देतात. तुमच्याकडे काम पण आम्ही करायचं आणि पैसे पण आम्हीच द्यायचे."

"हो," बाई म्हणाल्या. "फुकट अंगावर घेतलेलं काम तुम्ही होळीपर्यंत विसराल. दिलेले पन्नास रुपये विसरणार नाही."

"आणि कंपनीने खर्च केला असता तर?"

"तर ते कंपनीचं काम झालं असतं."

मी डॉक्टर नाही. साकीनाक्याच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला होतो. त्या बैठकीत मी होतो तो खजिनदार म्हणून. बाई आदल्या रात्री दवाखाना बंद करून, जिना चढून आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "जाधव, सहापैकी कोणाही डॉक्टरकडे पैसे ठेवले तर बाकीच्या पाचांना झोप लागणार नाही. तुम्ही ठेवा. आणि महिन्याची बेरीज करून द्या." नाही म्हणायला मला कारण सुचेना. कारण सुचेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

काम साधं होतं, म्हणजे सांगायला साधं. घसा धरलेली, ताप असलेली शाळकरी मुलं या सहा दवाखान्यांत रोज यायची. त्यांतली बहुतेक बरी होतात. पण काहींचे दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात, आज गुडघा तर उद्या घोटा. तेही ओसरतं आणि सगळे विसरून जातात. मग काही वर्षांनी तेच मूल जिना चढताना धापा टाकू लागतं, कारण मधल्या काळात हृदयाची झडप खराब झालेली असते. सुरुवातीला कळलं तर ठरावीक दिवसांनी पेनिसिलिनची सुई देऊन हे टाळता येतं. बाईंना एवढंच शोधायचं होतं: आपल्या भागात घसा धरलेल्या मुलांपैकी किती जणांचे सांधे धरतात. त्यासाठी प्रत्येक डॉक्टरने अशा मुलाचं एक कार्ड भरायचं, तिसऱ्या आठवड्यात त्याला पुन्हा बोलवायचं, गुडघे-घोटे बघायचे, छातीला नळी लावायची. आणि जे मूल परत येणार नाही, त्याच्या घरी जाऊन बघायचं.

शेवटचं वाक्य बाईंनी बैठकीत अगदी सहज सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढचं सगळं त्या वाक्यापाशी अडलं.

बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, फिक्या वॉयलच्या साड्या, मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ. मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही. दवाखाना खाली आणि राहायला आमच्या वरच्या मजल्यावर. दवाखान्यात एक बाक, एक पडदा, भिंतीशी मिक्स्चरच्या मोठ्या बाटल्या. मोरे नावाचे कंपाउंडर पुड्या बांधायचे. हे सगळं चार दवाखान्यांसारखंच. बाई मात्र त्या दवाखान्यांच्या डॉक्टरांसारख्या नव्हत्या.

एखादा पेशंट खुशीत येऊन म्हणाला, "बाई, बरं वाटतंय," की त्या विचारायच्या, "कशामुळे?"

तो गोंधळायचा. "तुमच्या औषधामुळे."

"कशावरून?"

 माणूस पैसे देऊन निघून जायचा आणि पुढच्या खेपेला वोरांकडे जायचा. वोरा पाठीवर थाप मारायचे, "दोन दिवसांत धावायला लागशील" म्हणायचे. बाई फार तर "बघू" म्हणत. आणि कळलं नाही तर चक्क "मला माहीत नाही" म्हणत. हे ऐकण्यासाठी कोण पैसे देईल? माझी बायको सुलभा म्हणायची, "अहो, त्या बाईंना कोणी बरं झालेलं बघवत नाही." पण आमची मुलगी तापली की तिला घेऊन ती खालीच जायची. विचारलं तर म्हणायची, "वोरा थाप मारतात. बाई बघतात."

डॉक्टरांना तयार करण्याची त्यांची रीत तशीच आडवी होती. त्या दुपारी अडीचच्या सुमारास फोन करायच्या. सकाळचा दवाखाना आटपून, जेवून डॉक्टर नुकता आडवा झालेला असतो तेव्हा. फोन आमच्याच घरातून व्हायचे, कारण त्यांचा वारंवार बंद पडे. त्यामुळे त्यांची बाजू मी रविवारी ऐकलेली आहे. "खोत, झोपला होतात का? हो, मला माहिती आहे. म्हणूनच केला." मग सांगणं सुरू. हॉस्पिटलात येतो तो शेवटचा आजार, सुरुवात आपल्या बाकावर बसलेली असते, ती मोठ्या डॉक्टरांना कधी दिसतच नाही, आपण नाही लिहिली तर कोण लिहिणार. पलीकडून जांभया. शेवटी पलीकडचा माणूस हो म्हणायचा. फोन ठेवून बाई म्हणायच्या, "झोपायला मिळावं म्हणून माणूस काहीही कबूल करतो. पण कबूल केलं ते केलं."

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे एवढं का लागलंय. माझं ब्लडप्रेशर बघत होत्या. हवा सोडून झाल्यावर, नळी कानातून काढता काढता सांगितलं. त्यांच्याकडे पूर्वी एक मुलगी यायची, पार्कसाइटची, टेकडीवरच्या वस्तीतली. घसा दुखतो म्हणून दोनदा आली, परत आली नाही. बाईंनी धरलं, बरी झाली. काही वर्षांनी बाई ओळखीच्या कोणाला बघायला एका मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. तिथे तीच मुलगी खाटेवर, उशा लावून बसवलेली. झोपवलं तर श्वास लागत होता. भोवती विद्यार्थी, आणि त्यांचे प्रोफेसर त्यांना सांगत होते, "हिस्ट्री नॉट अवेलेबल."

"हिस्ट्री तिथेच उभी होती," बाई म्हणाल्या. "हातात पर्स धरून. एकशे पन्नास-पंचाण्णव. मीठ कमी करा."

मुलीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

कामाला सुरुवात झाली. महिन्याच्या शेवटी मोरे सहाही दवाखान्यांतून कार्डं गोळा करून आणायचे आणि रविवारी सकाळी मी आमच्या डायनिंग टेबलावर बेरजा करायचो. छपाई, पोस्ट, मोरेंचं बसभाडं यात पैसे हळूहळू जात होते. मे महिन्यात बाईंनी त्याच, 'हिस्ट्री नॉट अवेलेबल'वाल्या प्रोफेसरांना पत्र लिहिलं. आश्चर्य म्हणजे त्यांचं उत्तर आलं. साध्या दवाखान्यांतले डॉक्टर असं काही करताहेत याचं त्यांना कौतुक वाटलं. वर्षाअखेर त्यांची डॉक्टरांची एक परिषद होती. तिथे आकडे मांडा, सहाही डॉक्टरांची नावं छापून येतील, पुढच्या वर्षी घशातला नमुना तपासायची सोय आमच्या लॅबमध्ये फुकट करून देतो. मुलुंडचे, अंधेरी-बोरिवलीचे डॉक्टरही मग तयार होतील. बाईंनी ते पत्र मला वाचायला दिलं. त्यांना इतकं आनंदात मी नंतर कधी पाहिलं नाही. आनंदात म्हणजे काय, तर चहा गरम असताना प्यायल्या.

सप्टेंबरात त्यांनी सगळ्या महिन्यांची एकत्र बेरीज मागितली. मी दिली. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा बदलून तिसऱ्यांदा वाचला.

"असं होत नाही, जाधव."

"बेरीज चुकली का?"

"बेरीज बरोबर आहे. पण इतकी मुलं बरी होत नाहीत. माझ्या हातून तर नाहीच."

मग त्यांनी कार्डं मागवली आणि ती टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. चूक शोधायला वेळ लागला नाही. जे मूल तिसऱ्या आठवड्यात परत आलं नाही, त्याच्या कार्डावर पाचही डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला होता: बरा. कोणी कोणाच्या घरी गेलेलं नव्हतं. आणि यात कोणाला काही वावगं वाटलेलं नव्हतं. दवाखान्यांचा तो जुनाच हिशेब आहे. पेशंट परत आला नाही म्हणजे गुण आला.

आकडे इथे देत नाही. ते खरे नव्हते.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक झाली. बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांना तो येतच नसे. त्यांनी फक्त विचारलं, "घरी का गेला नाहीत?"

 मग वोरा बोलले, आणि मला वाटतं सगळ्यांच्या वतीने बोलले.

"बोलावल्याशिवाय डॉक्टर कोणाच्या घरी जात नाही, कुमुदबेन. तुम्हाला मी सांगायला पाहिजे? मी न बोलावता त्या टेकडीवरच्या वस्तीत गेलो तर लोक काय म्हणतील? वोराचं चालत नाही, पेशंट शोधत फिरतो. चार दिवसांत दुकान बंद."

"आणि गेलो आणि घरात वोरांची बाटली दिसली तर?" खोत म्हणाले. सगळ्यांत तरुण तेच होते. "मी काय करायचं? नमस्कार करायचा?"

"तुमच्या पुड्या माझ्या पेशंटच्या घरी असतात त्याचं काय?" वोरा म्हणाले. "मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने मलाच विचारलं, खोतांनी पिवळी गोळी दिलीय, ती तुमच्या लाल औषधाबरोबर चालेल ना?"

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या.

"हसायचं झालं," वोरा म्हणाले, "पण 'परत आला नाही' असं मी लिहू कसं? माझे अर्धे पेशंट पळून जातात, हे त्या प्रोफेसरला मीच सही करून देऊ?"

"माझे पण जातात," बाई म्हणाल्या. "माझ्या कार्डांवर तिथे रिकामी जागा आहे, बघा. मी पण गेले नाही. मला पण लाज वाटली. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझे पळून तुमच्याकडे जातात आणि तुमचे मात्र बरे होतात."

 वोरांनी घड्याळ बघितलं. ठरलं असं, की ज्याला जमेल त्याने जावं. म्हणजे कोणी जाणार नाही.

बाई गेल्या. स्वतःच्या पेशंटांच्या घरी आणि बाकीच्यांच्याही. रविवारी सकाळी, आणि कधी गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असताना. रविवारी मी बरोबर असायचो, पत्ते शोधायला. टेकडीवर पत्ते म्हणजे काय, नळाच्या वरच्या अंगाला, अमक्याच्या पिठाच्या गिरणीमागे. आम्हाला दोघांना बघून बायका पोरांना आत ओढायच्या. मी शर्ट-पँटमध्ये, हातात कागद. बाईंच्या हातात बॅग. "कुटुंबनियोजनवाले आले," एक म्हातारी ओरडली होती. एकदा एकाने मला लाइटबिलाचा समजून, मी काही विचारायच्या आत शेजाऱ्याच्या चोरीच्या वायरीची माहिती दिली.

डॉक्टर न बोलावता दारात आला की घरातल्यांना दोनच गोष्टी वाटतात. एक तर काहीतरी भयंकर झालंय, किंवा पैसे राहिलेत. बाई सांगायच्या, काही झालेलं नाही, पैसे नकोत, मुलाचे गुडघे बघायचेत. हे तिसरं कारण कोणाच्या डोक्यात शिरत नसे.

राजन नावाचा एक मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा. बाईंकडे घशासाठी आलेला, परत न आलेला. त्याची आई कुडाळकडची. आम्हाला दारात बघताच तिने स्टोव्हशेजारची औषधाची बाटली पदराखाली घेतली, पण ती आम्हाला दिसलीच. तिच्यावर वोरांच्या दवाखान्याची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"बाईनू, राग धरू नकात," ती म्हणाली. "तेका तेच्या आत्येन वोरांकडे नेल्यान."

"माका राग कित्याक येतलो?" बाई म्हणाल्या. "पाय दाखव रे."

घोटा सुजला होता. खेळताना मुरगळला, असं आईचं म्हणणं होतं. वोरांनीही तेच धरलं होतं. बाईंनी विचारलं, आधी काय दुखत होतं. आधी गुडघा दुखत होता, तो आपोआप राहिला. बाईंनी त्याच्या छातीला नळी लावली आणि फार वेळ लावून ठेवली. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर गाणं चाललं होतं. बाईंनी मला हाताने खूण केली, मी जाऊन तो बंद करायला सांगितला.

नळी काढून त्यांनी चिठ्ठी लिहिली. मला वाटलं, त्याला स्वतःकडे बोलावतील, किंवा थेट हॉस्पिटलात. चिठ्ठी वोरांच्या नावे होती. तुमचा पेशंट. घसा अमुक तारखेला, माझ्याकडे. मग गुडघा, आता घोटा. छातीत आवाज आहे असं मला वाटतं. आज बघावा.

"आजच जा," त्या आईला म्हणाल्या. "वोरांकडेच जा. औषध त्यांचंच चालू ठेव."

संध्याकाळी वोरा रस्ता ओलांडून आले. दवाखान्यात तेव्हा तीन-चार पेशंट होते, त्यांच्यासमोरच बोलले.

"माझ्या पेशंटच्या घरी तुम्ही जायचं काय कारण?"

"माझा पण होता."

"होता. आता माझा आहे ना?"

"म्हणून तुमच्याकडेच पाठवला."

"तेच तर कळत नाही मला," वोरा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "ठेवून घ्यायचा होतात. तुम्ही त्याच्या आईसमोर मला चुकीचा ठरवलात आणि वर चिठ्ठी पाठवलीत."

"छातीत आवाज आहे का?" बाईंनी विचारलं.

वोरांनी बाकावरच्या पेशंटांकडे एकदा बघितलं. "आहे," ते म्हणाले आणि परत रस्ता ओलांडून गेले.

राजनला त्यांनी सुया चालू केल्या, आणि पुढची वर्षं, माझ्या माहितीप्रमाणे, एकही चुकू दिली नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी उरलेली कोरी कार्डं मोरेंच्या हाती परत पाठवली. त्यांच्यामागून आणखी तीन डॉक्टर गेले. भांडण नाही, काही नाही. एकाला वेळ नव्हता, एकाच्या मुलीची परीक्षा होती, एकाने फोनच उचलला नाही. दुपारी अडीचलासुद्धा नाही. राहिले खोत आणि बाई.

दोन दवाखान्यांच्या कार्डांवर परिषदेत काय बोलणार? प्रोफेसरांचं म्हणणं, पहिल्या महिन्यांचे आकडे चांगले आहेत, तेवढे मांडा. बाई त्यांना भेटायला गेल्या तो दिवस मला आठवतो, कारण परत आल्यावर त्या वर न जाता आमच्याकडेच बसल्या. सुलभाने पोहे केले होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी सांगितलं, परत न आलेली मुलं बरी झाली असं आम्ही नुसतं धरलं होतं. ती सगळी बाजूला काढावी लागतील. ते म्हणाले, मग राहिलं काय? मी म्हटलं, राहिलं ते थोडंच आहे. ते म्हणाले, डॉक्टर, सगळेच थोडंफार धरून चालतात." पोह्यांतला शेंगदाणा त्यांनी कडेला सारला. "मग त्यांनी चहा मागवला. म्हणजे बोलणं संपलं."

"सहा जणांची नावं छापून आली असती," सुलभा म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

"हो ना," बाई म्हणाल्या. "मलाही आवडलं असतं."

लॅबची सोय झाली नाही. मुलुंड, अंधेरी, बोरिवली कुठूनही कोणी आलं नाही. खोत पुढे मुलुंडला राहायला गेले आणि तिकडे दवाखाना टाकला. बाई एकट्या आणखी दोन वर्षं टेकडी चढत राहिल्या. तोवर लोकांनी ठरवूनच टाकलं होतं, की बाईंचं आता चालत नाही, दारोदार फिरतात. वोरा म्हणाले होते तसंच झालं, फक्त त्यांच्याऐवजी बाईंचं झालं. बाकावर सकाळी चार माणसं असली तर असायची. मोरेंनी एका केमिस्टकडे नोकरी धरली. जाताना बाईंच्या पाया पडले, बाई म्हणाल्या, "पाया काय पडता, उशीरच केलात."

त्या फिरण्यातून काही मुलं सापडली. किती, ते बाईंनी कधी कोणाला सांगितलं नाही आणि मला लिहू दिलं नाही. "एका बाईने फिरून गोळा केलेला आकडा म्हणजे अभ्यास नव्हे," त्या म्हणायच्या. "सहा जणांनी केलं असतं तर होता." प्रत्येक मुलाला त्यांनी चिठ्ठी देऊन त्याच्या त्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर रागावले. सुया मात्र दिल्या.

एका रविवारी त्या जिन्यात माझी वाट बघत बसलेल्या दिसल्या. बॅग मांडीवर. "आज नको, जाधव," म्हणाल्या. "जगाचे गुडघे बघता बघता माझेच धरले." त्यानंतर आम्ही टेकडीवर गेलो नाही. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. आठवड्यातून एकच सुट्टी असते.

१९८८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पायांवर सूज आली. रात्री झोपता येत नाही, असं सुलभाला म्हणाल्या. मी टॅक्सी आणतो म्हटलं, हॉस्पिटलात जाऊ. त्या म्हणाल्या, आधी समोर जाऊ. मी हात धरून त्यांना रस्ता ओलांडून वोरांच्या दवाखान्यात नेलं. वोरा उठून उभे राहिले, आधीच्या पेशंटला बाहेर बसवलं. तपासलं, कार्डिओग्राम काढला, गोळ्या लिहून दिल्या. बाईंनी पर्स उघडली.

"डॉक्टरकडून डॉक्टर फी घेत नाही, कुमुदबेन. एवढं तरी राहू दे."

"घ्या. नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही मला तपासणार नाही. गप्पा माराल आणि टॉनिक द्याल."

वोरांनी पैसे घेतले. गुरुवारी दाखवायला या, म्हणाले. गुरुवारी बाई गेल्या नाहीत. उठवत नव्हतं की जायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही. सोमवारी त्यांचा भाचा येऊन त्यांना वेंगुर्ल्याला नेणार होता. त्याने नेलं, आणि त्या तिकडेच वारल्या.

हे त्याआधीचं, शुक्रवारचं. मी रजा घेतली होती. दुपारी तीनच्या सुमाराला मी त्यांच्याकडे पेपर वाचून दाखवत बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली, खालच्या मजल्यावरची बाई कोणाला तरी म्हणाली, "कोणी बोलावलं हो? काय झालं?" आणि वोरांचा आवाज आला, "काही नाही, काही नाही." दार उघडंच होतं. ते बॅग घेऊन उंबऱ्यात उभे होते, घामाघूम.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. काल येणार होता तुम्ही."

बाई उशीला टेकून जरा सरळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "जाधव, खुर्ची द्या त्यांना."

वोरांनी नीट तपासलं. पायाच्या सुजेवर अंगठा दाबून ठेवला, छातीला पुढून-मागून नळी लावली, किती उशा लागतात ते विचारलं. बाईंनी प्रत्येक गोष्टीला शाळेतल्या मुलीसारखं सरळ उत्तर दिलं. हॉस्पिटलात चला, वोरा म्हणाले. बाईंनी भाच्याचं सांगितलं.

"तिथे कोण बघणार तुम्हाला?"

"असेल कोणी डॉक्टर."

"मग मी त्याला लिहून देतो. कधीपासून काय झालं, सगळं." ते तिथेच मांडीवर कागद घेऊन लिहायला बसले. दोन ठिकाणी थांबून बाईंना तारखा विचारल्या. एक तारीख बाईंनी दुरुस्त करायला लावली. लिहून झाल्यावर कागद घडी करून त्यांच्या उशाशी ठेवला.

"व्हिजिटचे किती?" बाई म्हणाल्या.

वोरा बॅग बंद करत होते.  "तीस," ते म्हणाले.

बाईंनी मला कपाटाकडे खूण केली. मी तीस रुपये काढून डॉ. वोरांना दिले. त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवले आणि जिना उतरून गेले.